माळावरची रेस आणि अप्पांचं इंजिन

आमच्या घरात एरंडेल दोन ठिकाणी असायचं. स्वयंपाकघरातल्या फळीवर आईची छोटी बाटली होती, ती महिन्यातल्या एखाद्या रविवारी आम्हा भावंडांच्या पोटात जायची. पलंगाखाली अप्पांचा मोठा डबा होता, तो मोटारसायकलच्या पोटात जायचा. दोन्हींची सरमिसळ होऊ नये म्हणून आईनं आपल्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधून ठेवला होता, कारण अप्पांच्या डब्याला कायम पेट्रोलचे हात लागलेले असत. कोपरीतल्या आमच्या चाळीत कुणाच्या दारातून उदबत्तीचा वास यायचा, कुणाच्या दारातून तळणीच्या बोंबलाचा, आणि आमच्या मागच्या पडवीतून जळक्या एरंडेलाचा, जरा गोडसर, जरा घशात बसणारा. शेजारच्या शांतामावशी म्हणायच्या, तुमच्याकडे माणसाचं पोट साफ होतंय की गाडीचं, ते वासावरून काही कळत नाही बाई. आई हसायची, पण तिला ते फारसं आवडायचं नाही.

अप्पा खोपटच्या डेपोत मेकॅनिक होते. दिवसभर बसगाड्यांखाली उताणे पडून काम करायचे, आणि घरी आले की चहा घेऊन पुन्हा एका गाडीपाशी बसायचे. ही गाडी म्हणजे भंगारातून आणलेली एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल. पडवीत खपून खपून त्यांनी ती मातीच्या रेससाठी उभी केली होती. चालवायचा प्रकाशदादा, माझा मोठा भाऊ. मी आधी नुसते पाने-पकडी हातात द्यायचे, मग पुसायला लागले, मग प्लग काढायला शिकले. काढलेला प्लग अप्पा उजेडात धरायचे आणि मला रंग विचारायचे. चहाच्या रंगाचा असला तर इंजिन सुखात आहे, पांढरा पडला तर उपाशी आहे, काळा असला तर अजीर्ण झालंय. शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा हे मला लवकर पाठ झालं. चाळीतल्या बायका आईला सांगायच्या, पोरीच्या नखांत ही काळी घाण, हिला कोण करून घेणार? आई त्यांच्यासमोर गप्प बसायची आणि घरात येऊन माझी नखं लिंबाच्या सालीनं खसाखसा घासायची. लग्न पुढे व्हायचं तेव्हा झालं. नखं तशीच राहिली.

अप्पांचा एक नियम होता. गाडी सुरू करण्याआधी ज्यानं ज्यानं तिला हात लावला त्यानं आपण काय केलं ते तोंडानं सांगायचं. स्वारानं विचारायचं, "हात कुणाचे?" मग एकेकानं बोलायचं: चेन मी ताणली, प्लग मी बसवला, हवा मी भरली. आईनं एकदा गादीची शिवण घातली होती, तर तिलाही पदर सावरून "गादी मी शिवली" असं म्हणावं लागलं होतं. दादाला ते पोरखेळ वाटायचं. अप्पांना नाही. ते म्हणायचे, दुसऱ्याचा जीव ज्यावर बसणार त्यावर आपण काय केलंय, हे मोठ्यानं बोलून बघावं. खोटं असलं तर जीभ अडखळते.

माझी जीभ अडखळली नाही. ते पुढे येईलच.

त्या वर्षी हिवाळ्यात कल्याणच्या पलीकडे नदीच्या अंगाला एका उजाड माळावर रेस भरली. शुक्रवारी दुपारी पोचायचं, शनिवारी सराव, रविवारी फायनल. लांबलांबून स्वार आले होते, पुण्याहून, नाशकाहून, कोल्हापूरहून, आणि सगळ्यांनी तिथेच राहायचं असा प्रघात होता, कारण गाडी सोडून जायची कुणाची छाती नव्हती. आता माझा भाचा मोठाल्या बाईकवरून असाच कुठल्या कुठल्या ट्रॅकवर जातो आणि तिथून फोटो पाठवतो. चेन लावायचा तंबू, फुगवायची गादी, घडीची खुर्ची. त्याला तो कॅम्पिंग म्हणतो. घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर बसून मी ते फोटो मोठे करून बघते आणि मला आमची ताडपत्री आठवते. ओळखीच्या एका ट्रकवाल्याकडून मागून आणली होती, तिला कांद्याचा वास होता. चार बांबू, सुतळी, खाली घरातल्या दोन सतरंज्या. टेम्पोत मागे मोटारसायकल, तिला टेकून आई, आईच्या मांडीवर भाकरीच्या पिठाचा डबा. मुंब्र्यावरून शीळफाट्यामार्गे जाताना प्रत्येक खड्ड्याला ती डब्याचं झाकण दाबून धरत होती.

या खेपेला आईही आली, त्याला कारण होतं. पुण्याचे मोहिते म्हणून एक गृहस्थ फायनल बघणार होते. त्यांच्याकडे रेसच्या चार गाड्या होत्या आणि त्या सांभाळायला त्यांना खात्रीचा माणूस हवा होता. अप्पांचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. अप्पांची गाडी कधी पहिली यायची नाही, दादा काही तसा वाघ नव्हता, पण ती मध्येच कधी बंदही पडायची नाही. रेसवाल्यांत तेवढ्यावर त्यांची ओळख होती. मोहित्यांनी निरोप पाठवला होता: तुमचं इंजिन फायनलच्या पंधरा फेऱ्या विनातक्रार धावलेलं मला डोळ्यांनी बघू द्या, मग माझी चारही इंजिनं तुमच्याकडे. तसं झालं असतं तर अप्पा डेपो सोडून स्वतःचं गॅरेज काढणार होते. हे त्यांनी जेवताना एकदाच सांगितलं, आणि मग भाकरी मोडत बराच वेळ कुणाकडे बघितलं नाही. मी त्यांना कशाची तरी इच्छा करताना पहिल्यांदाच बघत होते.

माळावरचे ते दिवस सुखाचे होते, हे सांगितलंच पाहिजे. सकाळी पाण्याचा टँकर येऊन ट्रॅकवरची माती भिजवायचा, तिचा वास थेट आमच्या चुलीपर्यंत यायचा. मग एकेक इंजिन खोकत जागं व्हायचं. दहा वाजेपर्यंत सगळ्या माळाचे कान बधिर, बायका एकमेकींशी हातवारे करून बोलायच्या आणि दुपारी सराव थांबला की आपण अजून ओरडूनच बोलतोय हे लक्षात येऊन हसायच्या. आईनं आपली चूल गाड्यांपासून वीस पावलं लांब मांडली होती आणि पेट्रोलचे हात घेऊन कुणी त्या वीस पावलांच्या आत आलं की ती पळी उगारायची. तिच्या हातचं पिठलं, सुकटाची चटणी आणि चुलीवरची भाकरी खायला नाशिकची मंडळी ताटं घेऊन यायची आणि जाताना द्राक्षांचा घोस ठेवून जायची. त्यांच्यातले एक म्हातारे गृहस्थ अप्पांना लांबूनच "जय भीम, अप्पा" म्हणून हात करायचे आणि दुसऱ्या हातात त्यांचं रिकामं ताट आधीच तयार असायचं. कोल्हापूरकरांच्या तांबड्या रश्श्यानं मात्र दादाची अशी अवस्था केली की आईनं लाल दोऱ्याची बाटली घरी राहिल्याबद्दल हळहळ व्यक्त केली.

एकच गोष्ट खुपायची. शेजारच्या तंबूत पवार मिस्त्री होते, अप्पांचेच जुने स्नेही, मनानं चांगले. पण मी प्लग काढायला बसले की ते दर वेळी म्हणायचे, "अप्पा, पोरीला कशाला हात लावू देतोस? चुकलं काही तर सगळे तुलाच हसतील." अप्पा म्हणायचे, "तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे." मी खाली मान घालून पाना फिरवत राहायचे, पण ते वाक्य मी दिवसभर मनात घोळवायचे.

शनिवारी संध्याकाळी अप्पांनी मला ते काम दिलं जे त्यांनी आजवर कुणालाच दिलं नव्हतं. या इंजिनांना वंगणाची निराळी सोय नसते, पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. अप्पा त्यासाठी एरंडेल वापरायचे. पाच लिटर पेट्रोलला पाव लिटर, दुधाच्या मापानं मोजून. तेल कमी पडलं तर पिस्टन कोरडा होऊन जाम होतो, आणि भरधाव गाडीत पिस्टन जाम झाला की मागचं चाक जागच्या जागी थांबतं आणि स्वार फेकला जातो. म्हणून हे मिश्रण ते स्वतःच करायचे, तेही ऐन वेळी. पण रविवारी सकाळी गाडी तपासणीला न्यायची होती, वेळ मिळणार नव्हता. त्यांनी टाकी रिकामी केली, माप माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आत्ता मिसळून ठेव. थंडीनं एरंडेल तळाला बसतं, तेव्हा सकाळी ओतायच्या आधी कॅन शंभर मोजून हलव. मग ओत." मी माप दोनदा तपासलं. पवार मिस्त्री बघत होते, त्यांना दिसेल अशा बेतानं मी जरा जास्तच ताठ बसले होते, हेही कबूल करते.

माळावर पुरुषांची सोय माळभर होती. बायकांची कुठेच नव्हती. आई आणि मी पहाटे उठून पलीकडच्या आगरी गावात हिराबाई नावाच्या बाईंच्या घरी जायचो, त्यांनी आपली न्हाणी आम्हाला उघडून दिली होती. रविवारी आम्ही निघालो तर त्यांनी दारच अडवलं. "बस गो पोरी, चा घेतल्याबिगर कशी जाशील? आज भावाची शर्यत हाय ना?" चहा झाला, मग तांदळाची भाकरी आली, मग त्यांनी आईला आपल्या सुनेचं बाळंतपण पहिल्यापासून सांगितलं. नाही म्हणवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर भाकरीवर ताजं खोबरं होतं, माझंही पाऊल निघत नव्हतं. माळावर पोचलो तेव्हा तपासणी उरकून गाडी परत आली होती, भोंग्यावर फायनलच्या स्वारांची नावं पुकारली जात होती आणि दादा हातमोजे चढवत होता. अप्पा म्हणाले, टाकी भर. मी धावत कॅन आणला, झाकण काढलं आणि ओतला.

ट्रॅकच्या तोंडाशी दादानं नेहमीप्रमाणे विचारलं, "हात कुणाचे?" अप्पा म्हणाले, चेन आणि ब्रेक मी बघितले. मी म्हणाले, "प्लग मी बसवला. तेल मी मिसळलं, हलवलं, भरलं." अगदी सरळ बोलले. कवितेची ओळ म्हणावी तशी. आजही मला कळत नाही की त्या क्षणी मला हलवल्याचं खरंच वाटत होतं, की न हलवल्याचं आत कुठेतरी माहीत होतं आणि पवार मिस्त्री दोन हातांवर उभे होते म्हणून शब्द तसे निघाले. इतक्या वर्षांत मी दोन्ही उत्तरं स्वतःला देऊन पाहिली आहेत. दुसरं खरं असावं.

गाड्या एक फेरी सावकाश मारून पुन्हा रेषेवर येऊन थांबणार, मग झेंडा पडणार. अप्पा कडेला मोहित्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मी कॅन आवरायला वळले, आईच्या चुलीच्या बाजूला तो राहू नये म्हणून. कॅन पांढऱ्या प्लास्टिकचा होता. उचलला तर समोरच्या उन्हात तळाशी दोन बोटं जाड मधासारखा थर दिसला. सगळं तेल तिथेच होतं. टाकीत गेलं होतं ते वरवरचं, नुसतं पेट्रोल म्हणावं असं.

अप्पांकडे जावं तर ते ट्रॅकच्या पलीकडच्या कडेला, आणि गाड्या रेषेवर यायला लागल्या होत्या. गप्प बसावं, असंही मनात आलं. कदाचित थोडं तेल गेलं असेल, कदाचित पंधरा फेऱ्या निघतील. हे ‘कदाचित’ मी एवढा वेळ मनात ठेवलं की तेवढ्यात दोन गाड्या रेषेला लागल्या. मग मी टायरांच्या कुंपणावरून उडी मारून धावले. झेंडेवाला ओरडत होता, कुणीतरी माझी ओढणी धरायचा प्रयत्न केला. दादासमोर जाऊन मी हँडल धरलं. त्यानं हेल्मेटची काच वर केली.

"मी कॅन हलवलाच नाही रे. तेल खालीच राहिलंय."

"आत्ता बोलली होतीस ना, हलवला म्हणून?"

"खोटं बोलले."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पलीकडे अप्पांकडे. सगळ्या माळाचा आवाज कानात होता आणि त्यात आमच्या गाडीचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता. मग त्यानं हात खाली नेऊन इंजिन बंद केलं. आम्ही दोघांनी गाडी ढकलत बाजूला, मी कॅन टाकून आले होते तिथे घेतली. झेंडा पडला, बाकीच्या गाड्या माती उडवत गेल्या, आणि ती माती आमच्या अंगावर आली.

अप्पा आले, त्यांच्यामागे मोहिते आणि पवार मिस्त्री. मी अप्पांच्या कानाशी एका वाक्यात सांगितलं. त्यांनी कॅनकडे नजर टाकली, तळ पाहिला, आणि आपल्या अंगानं तो झाकला जाईल असे उभे राहिले. मोहित्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, काय झालं? मी तोंड उघडलं. अप्पा मला म्हणाले, "नंदे, आईला चहा टाकायला सांग." त्यांनी आयुष्यात मला असं काम सांगून कधी कुठून उठवलं नव्हतं. मी चार पावलं गेले आणि पाठीमागून त्यांचा आवाज ऐकला. "इंजिननं दगा दिला, साहेब. गरम होत होतं, पोरानं वेळेवर बंद केलं. माझ्या बांधणीतच चूक राहिली." मोहिते म्हणाले, होतं असं कधीकधी. पवार मिस्त्री म्हणाले, अप्पा, तुझं इंजिन? कधी नाही ते? अप्पा म्हणाले, झालं खरं.

मोहिते चहाला थांबले नाहीत.

दुपारी अप्पांनी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं, जसा प्लग धरायचे तसं. पाण्यासारखं होतं. "दोन फेऱ्या," ते म्हणाले, "फार तर तीन." बाटली त्यांनी मातीत ओतून टाकली आणि ताडपत्रीच्या गाठी सोडायला गेले. मी सतरंजीवर बसून होते. दादानं पिठल्या-भाकरीचं ताट आणून समोर ठेवलं.

"विसरलीस त्याचं काही नाही," तो म्हणाला. "पण मी विचारलं तेव्हा खोटं बोललीस. मला राग आलाय, आणि तो लगेच जायचा नाही. पण जेवून घे."

राग पावसाळ्यापर्यंत राहिला. त्या सगळ्या महिन्यांत तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. पण खरी गोष्ट त्यानं चाळीत, कॉलेजात, रेसवाल्यांत कुणालाही सांगितली नाही. आईला माहीत होतं. तिनं माझी नखं घासणं बंद केलं, एवढंच. आणि अप्पांनी पुढच्या रेसला माप पुन्हा माझ्याच हातात दिलं. मी नको म्हणाले तर म्हणाले, "आता तू कधी विसरणार नाहीस. दुसऱ्या कुणाचा मी काय भरवसा देऊ?" मला तेव्हा वाटलं, त्यांनी ते सगळं मागे टाकलं. मी डिप्लोमा केला, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मशीनवर लागले, निवृत्त होताना माझ्या हाताखाली चौदा माणसं होती. पोरीला कशाला हात लावू देता, असं तिथे एकदाच एकानं विचारलं आणि पुन्हा विचारलं नाही. अप्पा डेपोतूनच निवृत्त झाले. गॅरेजचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

अप्पा गेले तेव्हा पवार मिस्त्री काठी टेकत भेटायला आले. बराच वेळ बसले. म्हणाले, "अप्पासारखा हात मी बघितला नाही. तेवढं एकदा कल्याणला त्याचं इंजिन बंद पडलं आणि नशीबच फिरलं. आम्ही अजून बोलतो, कुठे चुकला असेल तो?" दादानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या बघण्यात राग नव्हता, तो वाट बघत होता. समोर अप्पांचा फोटो होता, खोली माणसांनी भरलेली होती, मी साठीला आलेली बाई होते आणि मला आता कुणाच्या हसण्याची भीती नव्हती. तरीही मी उठले आणि मिस्त्रींना चहा आणायला आत गेले.

पवार मिस्त्रीही आता नाहीत. मोहित्यांचं मला माहीत नाही. त्या माळावर आता इमारती आहेत. पण त्या वेळचं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहून ठेवते: कल्याणच्या फायनलला अप्पांच्या बांधणीत काहीही चूक नव्हती. तेल मी हलवलं नव्हतं, आणि विचारल्यावर हलवलं म्हणाले. इंजिन उत्तम होतं. ते पंधरा फेऱ्या धावलं असतं.